ताराबाई मोडक आणि आमचा हॉल

सोसायटीला पंचवीस वर्षे झाली, त्यामुळे घरोघरी रिनोव्हेशन निघाले आहे. तरुण मंडळी स्कँडिनेव्हियन इंटिरिअर करायचे म्हणतात. म्हणजे मोजके सामान, साधे लाकूड, भरपूर उजेड. मी मूळचा चिखल्याचा. मला आमच्या शेजारच्या बोर्डी-कोसबाडच्या ताराबाई मोडक आठवल्या.

ताराबाईंचा जन्म १८९२ सालचा, मुंबईतला. १९१४ साली त्या पदवीधर झाल्या. संसार मोडला, पण त्या खचल्या नाहीत. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी माँटेसरी पद्धतीने बालशिक्षणाचे काम केले. त्या पद्धतीत सगळे सामान मुलाच्या हाताला येईल असे ठेवतात. मात्र साधने महाग, खेड्याला कुठून परवडणार? १९४५ साली त्या बोर्डीला आल्या, पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. अनुताई वाघ सोबतीला होत्या. शिंपले, बिया, खडे, पाने हीच त्यांची साधने झाली. मुले शाळेत येईनात, तेव्हा शाळाच पाड्यावरच्या अंगणात नेली. १९६२ साली पद्मभूषण मिळाले. १९७३ साली त्या गेल्या.

मी मात्र निवृत्तीच्या पैशातून हॉलभर काचेचे शोकेस केले होते, तेही कुलूप लावून! नातीने हात लावला की ओरडायचो. हळूहळू ती हॉलमध्ये यायचीच बंद झाली. गेल्या दिवाळीत शोकेस काढून टाकले. खिडकीखाली बुटकी फळी ठोकली, त्यावर तिची पुस्तके अन् चिखल्याच्या किनाऱ्यावरचे शिंपले मांडले.

आता ती रोज तिथेच बसते, आणि मीही.