रानातील नभोवाणी

मुंबईहून गोव्याकडे जाणारा महामार्ग खारेपाटणजवळ सिंधुदुर्ग जिल्ह्यात शिरतो. तेथून दक्षिणेस सावंतवाडी गाठावी आणि पूर्वेकडील घाट चढावा, म्हणजे आंबोलीचे निबिड अरण्य लागते. याच अरण्यातून १९५५ साली एक आवाज उठला आणि समुद्रापलीकडील सत्तेला अस्वस्थ करू लागला. तो आवाज वामन सरदेसाई व त्यांच्या सहकाऱ्यांचा होता.

वामनराव गोमंतकाचे सुपुत्र. भारत १९४७ साली स्वतंत्र झाला. पण गोवा पोर्तुगीजांच्या ताब्यातच राहिला. तेथे सभा भरविण्यास बंदी होती आणि छापल्या जाणाऱ्या शब्दाशब्दावर सरकारची करडी नजर होती. १५ ऑगस्ट १९५५ रोजी निःशस्त्र सत्याग्रही गोव्याच्या सीमेत शिरले, तेव्हा त्यांच्यावर गोळ्या झाडण्यात आल्या. त्यानंतर सीमा बंद झाली. आता गोव्यातील जनतेपर्यंत सत्य पोहोचवावे कसे? वर्तमानपत्र नाक्यावर अडविता येते. परंतु ध्वनिलहरींना कोणता पहारेकरी अडविणार?

दादरा व नगरहवेली १९५४ साली मुक्त झाली, तेव्हा पोर्तुगीजांची बिनतारी यंत्रे स्वातंत्र्यसैनिकांच्या हाती आली होती. त्याच यंत्रांतून गुप्त नभोवाणी केंद्र उभे राहिले. २५ नोव्हेंबर १९५५ रोजी त्याचे प्रक्षेपण सुरू झाले. १५१० साली याच तारखेला पोर्तुगीजांनी गोवा जिंकला होता! केंद्राच्या नावातच स्वातंत्र्याच्या आवाजाची ग्वाही होती. पोर्तुगीज व कोंकणी या दोन्ही भाषांतून वार्ता दिल्या जात.

हे काम सोपे नव्हते. आंबोलीचा धुवाधार पाऊस, जळवा, श्वापदांचे भय आणि आप्तेष्टांपासून दूर असा अज्ञातवास वामनरावांनी पत्करला. लिबिया लोबो या त्यांच्या सहकारी. दोघेही बातम्या जमवीत, मजकूर सिद्ध करीत आणि शत्रूचा खोटा प्रचार खोडून काढीत. पुढे केंद्र कॅसलरॉकच्या परिसरात हलविण्यात आले. स्थळ बदलले, पण कार्य थांबले नाही. सहा वर्षे हे व्रत चालले. ऐकणाऱ्यांना बोलणाऱ्यांचे मुख कधीच दिसले नाही.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला. तेव्हा वामनराव व लिबिया यांना विमानातून गोव्यावर नेण्यात आले. ध्वनिवर्धकावरून त्यांनी आकाशातून मुक्तीची वार्ता घोषित केली. रानात दडलेला आवाज त्या दिवशी उघडपणे निनादला! पुढे हे दोघे विवाहबद्ध झाले.

कालांतराने वामनराव भारताचे राजदूत म्हणून आफ्रिकेतील अंगोला देशात गेले. तो देशही पोर्तुगीजांच्याच जोखडातून १९७५ साली सुटलेला होता. गोव्याच्या मुक्तीसाठी झटलेल्या या पुरुषाने स्वतंत्र अंगोलाशी स्वदेशाचे स्नेहसंबंध जोपासावेत, यात केवढे औचित्य!

वामनरावांच्या हाती शस्त्र नव्हते. सत्य, निर्भय वाणी आणि अखंड चिकाटी एवढेच त्यांचे बळ होते. आंबोलीच्या धुक्यातून जाताना त्या अदृश्य आवाजाचे आपण कृतज्ञतेने स्मरण करावे.