समोरच्याच्याच वहीतले आकडे

एफ. ई.ला असताना गॅदरिंगच्या इंग्लिश डिबेटला मी नाव दिलं होतं. दहा दिवस भाषण पाठ केलं. रात्री हॉस्टेलच्या गच्चीवर जाऊन बोलायचो, खाली रूम पार्टनर वैतागायचा. स्पर्धेच्या दिवशी एकही शब्द अडला नाही. मग रिबटलची दोन मिनिटं आली. माझ्या भाषणात एक टक्केवारी होती. खरं सांगायचं तर ती मी मेसमध्ये जेवता जेवता तयार केली होती. समोरच्या टीममधल्या मुलीने शांतपणे विचारलं, हा आकडा कुठला? मी माईककडे बघत उभा राहिलो. मागून सिव्हिलच्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्या माझ्यासाठी नव्हत्या.

त्यानंतर सुट्टीत लायब्ररीत बसून डिबेटवरचं काहीतरी शोधत होतो, तेव्हा हाताला गोपाळ कृष्ण गोखल्यांचं चरित्र लागलं. गोखले म्हटलं की आपल्याला काय आठवतं? नेमस्त, गांधीजींचे राजकीय गुरू, दोन मार्क. पण हा माणूस साहेबाच्या भाषेत, साहेबाच्या सभागृहात, साहेबाचा मुद्दा खोडायचा, आणि हे तो कसा शिकला हे कुठल्याच धड्यात नव्हतं.

जन्म ९ मे १८६६, रत्नागिरी जिल्ह्यातलं कोतळूक. तेरा वर्षांचे असताना वडील गेले. थोरले भाऊ गोविंदराव शिक्षण सोडून पंधरा रुपयांच्या नोकरीला लागले आणि त्यातले आठ रुपये दरमहा धाकट्याला पाठवू लागले. आपल्यापैकी कितीजणांची फी अशीच कुणाच्या तरी पगारातून येते, म्हणून हे सांगितलं. कोल्हापूर, पुणे, मुंबई असं शिकत अठराव्या वर्षी, १८८४ साली ते बी. ए. झाले. पुढच्याच वर्षी पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये मास्तर, मग फर्ग्युसनमध्ये प्राध्यापक. इंग्रजी, गणित, इतिहास, अर्थशास्त्र, पडेल तो विषय शिकवला. त्यांचं अंकगणिताचं पुस्तक तर कितीतरी वर्षं शाळांतून चालत होतं.

आता गंमत बघा. सुरुवातीला गोखलेसुद्धा पाठांतरवालेच होते! बर्क, मिल्टन, स्कॉट यांची पानंच्या पानं त्यांनी तोंडपाठ केली होती. इंग्रजी त्यातून कमावलं, हे खरं. पण पाठांतराने भाषा येते, उत्तर देता येत नाही, हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगू शकतो.

उत्तर द्यायला शिकवलं न्यायमूर्ती रानड्यांनी. १८८७ पासून गोखले त्यांच्या हाताखाली आले आणि सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकाचं काम बघू लागले. सरकारी अहवाल, जमाखर्चाची पुस्तकं, खानेसुमारी, असलं रुक्ष सामान वाचायचं आणि त्यावरून सरकारला अर्ज लिहायचे. रानड्यांना कच्चं काम चालत नसे, लिहिलेलं परत परत लिहावं लागे. आपल्या सबमिशनला रिपीटचा शिक्का बसतो ना, तसं, पण बारा-तेरा वर्षं! जोडीला गणेश व्यंकटेश जोशी होते. पेशाने शिक्षक, पण सरकारी आकड्यांत त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता.

१८९७ साली भारताच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला गोखले लंडनला गेले. वय तिशीच्या आसपास. वाटेत कॅले इथे पडून छातीला मार लागला होता, तरी एप्रिलमध्ये ते साक्षीला उभे राहिले. कमिशनवर दादाभाई नौरोजींसारखे एक-दोघे आपल्या बाजूचे, बाकीचे उलटतपासणी घेणारे. लष्करी खर्च, इंग्लंडला जाणारा पैसा, वरच्या पगारांवर बसलेले गोरे अधिकारी, एकेका मुद्द्यावर प्रश्न आले आणि उत्तरं मिळाली. पाठीमागे रानडे-जोशींची तयारी होती. सगळीकडे वाहवा झाली.

आणि त्याच दौऱ्यात त्यांचा सगळ्यात मोठा घात झाला. पुण्यात प्लेग होता, घरं तपासायला सैनिक लावले होते. त्यांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याची पत्रं पुण्याच्या मित्रांनी गोखल्यांना पाठवली. गोखल्यांनी ते विश्वासाने इंग्लंडच्या वर्तमानपत्रात सांगितलं. पार्लमेंटमध्ये खळबळ, सरकारकडून साफ इन्कार, पुरावा द्या अशी मागणी. इकडे २२ जूनला रँडवर गोळी झाडली गेली, धरपकड सुरू झाली. जुलैअखेर गोखले मुंबईला उतरले तेव्हा पत्रं लिहिणाऱ्यांपैकी कुणीही उघडपणे साक्ष द्यायला तयार नव्हतं. गोखल्यांनी त्यांची नावं सांगितली नाहीत. स्वतःच्या नावाने बिनशर्त माफी मागितली. दोन्हीकडून शिव्या खाल्ल्या. त्या वर्षी अमरावतीच्या काँग्रेसमध्येही त्यांना बाजूलाच ठेवलं गेलं.

हे वाचताना मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. माझी टक्केवारी बनावट होती, त्यांची माहिती बनावट नव्हती, म्हणजे तुलना करायचा मला हक्क नाही. प्लेगच्या तपासणीत पुण्यात जुलूम झाला नाही असं कोण म्हणेल? तरीसुद्धा हरले ते गोखलेच. खरं असणं वेगळं आणि समोरच्याने विचारल्यावर टेबलावर ठेवता येणं वेगळं.

पुढे त्यांनी धरलेली पद्धत मला याच जखमेतून आलेली वाटते (हा माझा अंदाज). त्यांचा बहुतेक दारूगोळा सरकारच्याच पुस्तकांतला असायचा. १९०२ च्या मार्चमध्ये कलकत्त्याच्या मध्यवर्ती कायदेमंडळात त्यांचं बजेटवरचं पहिलं भाषण झालं. अर्थखात्याचे सभासद सर एडवर्ड लॉ मोठी शिल्लक दाखवून बसले होते. नुकते दोन भयंकर दुष्काळ पडून गेले, तरी तिजोरी भरलेली, म्हणजे देश सुस्थितीत आहे, असा सरकारचा युक्तिवाद. तो खोटा कसा म्हणणार? आकडे तर बरोबर होते!

गोखल्यांनी आकडे मान्य केले. फक्त ते कुठून आले, हे उलगडून दाखवलं. आपल्या भाषेत गणित मांडतो. १८९४-९५ मध्ये एका रुपयाला सरासरी १३.१ पेन्स मिळायचे. पौंडाचे २४० पेन्स, म्हणजे लंडनला एक पौंड पाठवायला सव्वाअठरा रुपयांच्या वर लागत. पुढे रुपया १६ पेन्सला बांधला गेला, म्हणजे तोच पौंड १५ रुपयांत. दर पौंडामागे तीन रुपयांहून जास्त वाचले. पण रुपया घसरत होता म्हणून जे कर वाढवले होते, ते तसेच चालू राहिले! म्हणजे शिल्लक ही सुबत्तेची खूण नसून गरिबाकडून जरुरीपेक्षा जास्त वसूल केल्याची खूण ठरली. १८८८ मध्ये मिठावरचा कर मणाला दोन रुपयांवरून अडीच केला होता. त्यानंतर माणशी मिठाचा खप घटल्याचं त्यांनी सरकारी आकड्यांवरूनच दाखवलं. सुस्थितीतला माणूस मीठ कमी का खाईल?

या सभागृहात बजेटवर मतदान नव्हतंच. बोलायचं आणि बसायचं. मला ही सगळ्यात अवघड परिस्थिती वाटते. आम्हाला निदान एक करंडक तरी असतो. तरी १९०३ मध्ये मिठाचा कर दोन रुपयांवर आला, १९०७ पर्यंत एक रुपयावर. सगळं श्रेय एका भाषणाला देणं बरोबर नाही, पण गोखले दरवर्षी तोच विषय घेऊन उभे राहत होते, हे नक्की.

दरवेळी जिंकले असंही नाही. १९११ मध्ये त्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचं बिल आणलं. विरोधकांचे आक्षेप त्यांनी बिलातच आधी गृहीत धरले होते: सक्ती सगळीकडे नाही, आधीच पुरेशी मुलं शाळेत जातात तिथेच, सुरुवातीला फक्त मुलगे, तीही स्थानिक संस्थेने मागितली आणि सरकारने मंजूर केली तर. पैसे कुठून, लोकांना सक्ती नको, असे आक्षेप आले. त्यांनी इंग्लंडचा १८७० चा कायदा दाखवला, सयाजीरावांचं बडोदा दाखवलं. मार्च १९१२ मध्ये मतं पडली. बाजूने १३, विरुद्ध ३८. मुलींना सुरुवातीला वगळलं ही तडजोड मला आजही खटकते. एवढं वाकूनही बिल पडलंच.

तीन वर्षांनी, १९ फेब्रुवारी १९१५ ला, वयाच्या अवघ्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी गोखले गेले.

यंदा डिबेटला पुन्हा नाव दिलंय. विषय कालच नोटीस बोर्डावर लागला. माझं भाषण अजून लिहिलेलं नाही. रूम पार्टनरला विरुद्ध बाजू दिली आहे आणि गेले दोन दिवस लायब्ररीत त्याच्याच बाजूचे अहवाल वाचतोय. तो म्हणतो, मग मी काय करू? त्याला सांगितलंय, तू फक्त प्रत्येक आकड्याला कुठला म्हणून विचार.