फाशाला मागचा डाव आठवत नाही

जेरोलामो कार्दानो यांचा जन्म १५०१ मध्ये इटलीतील पाविया येथे झाला. जन्मावेळी आई-वडिलांचे लग्न झालेले नव्हते. या कारणावरून मिलानच्या वैद्यसंघाने या पदवीधर डॉक्टरला अनेक वर्षे बाहेर ठेवले. १५३९ मध्ये प्रवेश मिळाला, तोवर हलाखीने पाठ सोडली नव्हती. त्यात जुगाराचे व्यसन. पत्नीचे दागिनेही गहाण पडले.

पुढे त्यांची कीर्ती युरोपभर पसरली. १५५२ मध्ये ते स्कॉटलंडला गेले. तेथील आर्चबिशप जॉन हॅमिल्टन दम्याने बेजार होते. कार्दानोंनी त्यांचा आहार-विहार बदलला, पिसांचे अंथरूण बंद केले. रुग्णाला आराम पडला. घरी मात्र सुख नव्हते. पत्नीवर विषप्रयोग केल्याबद्दल थोरल्या मुलाला १५६० मध्ये मृत्युदंड झाला. १५७६ मध्ये रोममध्ये कार्दानोंचे निधन झाले.

जुगाराच्या हिशेबावर लिहिलेले त्यांचे पुस्तक छापले गेले ते १६६३ मध्ये. दोन फाशांची दाने ३६ प्रकारे पडू शकतात, हे त्यात मोजून दाखवले आहे. एका फाशावर सम आकडा पडण्याची शक्यता दोनात एक. मग लागोपाठ तीनदा सम पडण्याची किती? अशा प्रश्नांत कार्दानो आधी चुकले, मग त्याच पुस्तकात त्यांनी चूक सुधारली. शक्यतांचा गुणाकार करायचा: १/२ × १/२ × १/२, म्हणजे आठात एक. कारण प्रत्येक डाव स्वतंत्र असतो.

हाच नियम आज दवाखान्यात उपयोगी पडतो. पती-पत्नी दोघेही थॅलेसेमिया मायनर असतील, तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला थॅलेसेमिया मेजर होण्याची शक्यता चारात एक असते. दोन मुले व्हायची असतील, तर दोघांनाही तो होण्याची शक्यता १/४ × १/४, म्हणजे सोळात एक. पण पहिले मूल आजारी जन्मले, म्हणून पुढची तीन निरोगीच होतील, असे नाही. दुसऱ्या वेळीही शक्यता चारात एकच राहते. म्हणूनच लग्नाआधी किंवा गरोदरपणाच्या सुरुवातीलाच दोघांची रक्ततपासणी करून घ्यावी, आणि एक मूल आजारी असेल तर पुढच्या गरोदरपणात तज्ज्ञांचा सल्ला लवकर घ्यावा.

मात्र असा सरळ गुणाकार स्वतंत्र घटनांनाच लागू पडतो. एकाच घरात दोघांना क्षय होणे ही स्वतंत्र घटना नव्हे. तिथे एकाचा संसर्ग दुसऱ्याला होऊ शकतो.