एका पालकाची हरकत

न्याय-अन्यायाचा इतिहास मुलांस शाळेंत शिकवावा कीं नाहीं, असा प्रश्न पुष्कळ सभ्य गृहस्थ विचारीत असतात. कोवळ्या मनांस असल्या कडू गोष्टी कशाला सांगाव्या, असें त्यांचें म्हणणें असतें. अशा गृहस्थांपुढें आम्ही आज अमेरिकेंतील फ्रेडरिक डग्लस या थोर पुरुषाचें चरित्र ठेवितों.

डग्लस १८१८ च्या सुमारास मेरीलंड प्रांतांत गुलाम आईच्या पोटीं जन्मले. बाल्टिमोर शहरीं ज्या घरीं ते लहानपणीं चाकरीस होते, तेथील मालकिणीनें त्यांस ममतेनें मुळाक्षरें शिकविण्यास आरंभ केला. पण शिकलेला गुलाम ताब्यांत राहत नाहीं हें ओळखून धन्यानें तो पाठ बंद पाडला. धन्याच्या या भीतीनेंच विद्येचें मोल त्या मुलास कळलें. गल्लींतील गरीब गोऱ्या पोरांस पाव द्यावा आणि मोबदल्यांत अक्षरें घ्यावीं, असा व्यापार त्यानें मांडला. आमच्या व्यापारी वाचकांनीं याहून किफायतीचा सौदा क्वचितच पाहिला असेल. पुढें शेतावर राबत असतां डग्लस यांनीं रविवारीं गुपचूप शाळा चालविली व चाळीसांवर गुलामांस वाचन शिकविलें. १८३८ सालीं ते पळून उत्तरेस आले, १८४५ सालीं त्यांनीं आत्मचरित्र प्रसिद्ध केलें आणि १८४७ सालीं न्यूयॉर्क प्रांतांतील रॉचेस्टर येथें स्वतःचें वर्तमानपत्र काढलें.

त्या प्रांतांत गुलामगिरी १८२७ सालींच कायद्यानें संपली होती. वर्णद्वेष मात्र संपला नव्हता. १८४८ सालीं डग्लस यांची नऊ वर्षांची कन्या रोझेटा तेथील एका खासगी कन्याशाळेंत जाऊं लागली, तों तिला वेगळ्या खोलींत एकटीस बसविण्यांत आलें. बापानें जाब विचारतांच मुख्याध्यापिकेनें वर्गांतील एकेका मुलीचें मत घेतलें. एकीनेंही हरकत घेतली नाहीं. उलट रोझेटा आपल्याच शेजारीं बसावी, असें त्या म्हणूं लागल्या. मग आईबापांस विचारण्यांत आलें. एका पालकानें नकार दिला, आणि त्या एका नकारापायीं मुलीस शाळा सोडावी लागली.

डग्लस यांनीं त्या पालकास उद्देशून आपल्या पत्रांत उघड पत्र छापिलें. शहरांतील सार्वजनिक शाळा सर्व वर्णांच्या मुलांस एकत्र खुल्या व्हाव्या म्हणून त्यांनीं चळवळ केली, व १८५७ सालीं त्या चळवळीस यश आलें. २० फेब्रुवारी १८९५ रोजीं ते वारले.

योगायोग असा कीं, त्याच १८४८ सालीं पुण्यास जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनीं मुलींची शाळा काढली. आणि १८७३ सालीं जोतीरावांनीं आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांस मुक्त करणाऱ्या अमेरिकन लोकांस अर्पण केला. हा इतिहास आम्हांस परका नाहीं.

रोझेटाच्या सोबतिणींच्या मनांत तिरस्कार नव्हता. तो वडिलधाऱ्यांच्या घरांतून शाळेंत आला. शाळेनें न्यायाचा पाठ दिला नाहीं, तरी पूर्वग्रहाचा पाठ घरीं चालूच राहतो. म्हणून हें चरित्र वर्गांत सांगावें, आणि त्या मुलींस विचारलेला प्रश्न प्रत्येकानें आपल्या मुलांस विचारून पाहावा. त्यांचें उत्तर बहुधा चांगलेंच येईल. आपलें उत्तर काय, याचा विचार मात्र वडील मंडळींनीं आधीं करून ठेवावा, अशी आमची विनंति आहे.