लोहाराचा मुलगा

मुलांनो, विजेच्या तारेत तांबे असते आणि वरून प्लॅस्टिकचे वेष्टन असते. तांबे विजेचे सुवाहक, तर प्लॅस्टिक दुर्वाहक. दुर्वाहकातून वीज वाहत नाही. मग विजेमुळे त्याच्या आत काहीच घडत नाही का? या प्रश्नाचे उत्तर एका लोहाराच्या मुलाने शोधले.

त्याचे नाव मायकेल फॅरडे. त्याचा जन्म २२ सप्टेंबर १७९१ रोजी लंडनजवळ झाला. घरी फार गरिबी होती. लिहिणे, वाचणे आणि थोडे गणित एवढेच शिक्षण त्याला मिळाले. चौदाव्या वर्षी तो पुस्तके बांधण्याचे काम शिकू लागला. बांधायला आलेली पुस्तके तो वाचून काढी. त्यातूनच त्याला विजेची गोडी लागली. १८१२ साली त्याने हम्फ्री डेव्ही या शास्त्रज्ञाची व्याख्याने ऐकली. त्यांची टिपणे काढून, स्वतःच्या हाताने बांधून त्याने ती डेव्हींना पाठवली. पुढच्याच वर्षी त्याला लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मदतनिसाची नोकरी मिळाली.

पुढे फॅरडे मोठे शास्त्रज्ञ झाले. चुंबकाच्या साहाय्याने वीज निर्माण करता येते, हे त्यांनी १८३१ साली दाखवले. १८३७ च्या सुमारास त्यांनी दुर्वाहकांवर प्रयोग केले. पितळेच्या पोकळ गोळ्यात दुसरा लहान गोळा बसवून त्यांनी दोन सारखी उपकरणे तयार केली. एकात नुसती हवा ठेवली, दुसऱ्यात लाख भरली. लाखेच्या उपकरणात विजेचा भार जास्त साठला! म्हणजे दुर्वाहक स्वस्थ बसत नाही, त्याच्या कणांवर विजेचा परिणाम होतो, हे सिद्ध झाले.

२५ ऑगस्ट १८६७ रोजी फॅरडे यांचे निधन झाले. त्यानंतर तीस वर्षांनी, १८९७ साली, इलेक्ट्रॉनचा शोध लागला आणि या प्रयोगाचे कारण हळूहळू उलगडले. दुर्वाहकातील इलेक्ट्रॉन अणूंशी घट्ट बांधलेले असतात. विजेच्या ओढीने ते किंचित सरकतात, पण सुटत नाहीत. ओढ फारच वाढली, तर मात्र ते सुटतात आणि दुर्वाहकातूनही वीज वाहते. हवा दुर्वाहकच आहे. तरी पावसाळ्यात अमडापूरच्या शिवारावर वीज कडाडते, ती यामुळेच.

रॉयल सोसायटीचे अध्यक्षपद फॅरडे यांनी नाकारले. मुलांसाठी विज्ञानाची व्याख्याने मात्र ते आनंदाने देत. विजेचा भार साठवण्याच्या क्षमतेचे एकक आज त्यांच्याच नावावरून फॅरड म्हणून ओळखले जाते.