कर्मवीर भाऊराव पाटील आणि वसतिगृहाची अट

तुम्ही हे शिक्षण घरी राहून, नोकरी-व्यवसाय सांभाळून घेत आहात. अभ्यासपुस्तिका टपालाने येते आणि अभ्यासकेंद्र फार तर तालुक्याच्या गावी असते. त्यामुळे शिकण्यासाठी आधी राहण्याची जागा मिळवावी लागते, ही अडचण तुमच्यापैकी अनेकांच्या वाट्याला आली नसेल. शंभर वर्षांपूर्वीच्या खेड्यातील मुलाची गोष्ट वेगळी होती. गावात शाळा असलीच तर ती प्राथमिक असे. इंग्रजी शाळा जिल्ह्याच्या किंवा संस्थानाच्या गावी. तेथे खोली कोण देणार आणि जेवण कोठे मिळणार, या दोन प्रश्नांपाशीच बहुसंख्य मुलांचे शिक्षण संपत असे. गरीब ब्राह्मण विद्यार्थ्याला माधुकरी मागण्याची किंवा वार लावून जेवण्याची सोय परंपरेने होती. कुणब्याच्या, धनगराच्या, महाराच्या मुलाला असे घर शहरात नव्हते. अस्पृश्य मुलाला तर भाडे देऊनही खोली मिळत नसे. भाऊराव पाटलांच्या कार्यात शाळेच्या आधी वसतिगृह का आले, हे समजून घ्यायचे तर ही परिस्थिती ध्यानात ठेवली पाहिजे.

भाऊरावांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज या गावी, आजोळी झाला. घराणे जैन शेतकऱ्याचे, मूळ गाव ऐतवडे बुद्रुक. वडील पायगोंडा पाटील महसूल खात्यात कारकून होते. पुढील शिक्षणासाठी भाऊराव कोल्हापूरला राजाराम हायस्कूलमध्ये दाखल झाले आणि जैन बोर्डिंगमध्ये राहू लागले.

या काळातील कोल्हापूर म्हणजे वसतिगृहांचे गाव. राजर्षी शाहू महाराजांनी १८९६ मध्ये सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी एकच वसतिगृह काढून पाहिले होते. परंतु काही वर्षांतच तेथे ब्राह्मण विद्यार्थीच उरले. त्यानंतर १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले आणि मग जैन, मुस्लिम, लिंगायत अशी जातिधर्मनिहाय वसतिगृहे उभी राहिली. अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी १९०८ मध्ये मिस क्लार्क वसतिगृह निघाले. महाराजांनी ही विभागणी आदर्श म्हणून स्वीकारली, असे समजणे चूक ठरेल. पंक्तीला एकत्र बसायला समाज तयार नव्हता आणि तो तयार होईपर्यंत मुलांना थांबवून ठेवणे महाराजांना मान्य नव्हते.

मिस क्लार्क वसतिगृहाच्या समारंभाला भाऊराव गेले. परत आल्यावर स्नान केल्याशिवाय जैन बोर्डिंगच्या भोजनगृहात प्रवेश नाही, असा नियम त्यांना सांगण्यात आला. भाऊरावांनी स्नान करण्यास नकार दिला. परिणामी त्यांना बोर्डिंग सोडावे लागले. बोर्डिंगची व्यवस्था त्या वेळी अण्णासाहेब लठ्ठे यांच्याकडे होती. लठ्ठे स्वतः सुधारक वृत्तीचे, विद्वान गृहस्थ. तरीही संस्थेचा नियम त्यांनी पाळला. शाहू महाराजांनी या मुलाला आपल्या वाड्यात आश्रय दिला. अभ्यासात मात्र भाऊरावांची गती बेताचीच राहिली आणि इंग्रजी सहावीच्या पुढे ते गेले नाहीत.

या प्रसंगाला एक विलक्षण उत्तरार्ध आहे. १९१४ मध्ये कोल्हापुरात पुतळ्याला डांबर फासल्याचे प्रकरण घडले. त्यात लठ्ठे यांच्याविरुद्ध खोटी साक्ष द्यावी म्हणून भाऊरावांवर दडपण आणले गेले. ज्यांच्या हातून आपल्याला बोर्डिंगबाहेर जावे लागले त्यांच्यावर सूड उगवण्याची ही आयती संधी होती. भाऊरावांनी साक्ष दिली नाही. तुरुंगवास आणि छळ मात्र सोसला. त्यांचा विरोध नियमाला होता, माणसाला नव्हता, हे येथे तुमच्या लक्षात येईल.

पोटासाठी त्यांनी ओगल्यांच्या काचमालाची आणि किर्लोस्करांच्या नांगरांची विक्री केली. पुढे साताऱ्यात कूपर यांच्या कारखान्यातही ते होते. नांगर विकण्यासाठी गावोगाव फिरताना शेतकऱ्याच्या घरातील निरक्षरता त्यांनी जवळून पाहिली. सत्यशोधक चळवळीच्या सभांतूनही हेच चित्र समोर येत होते. याआधीच दूधगाव येथे सहकाऱ्यांसमवेत त्यांनी विद्यार्थी आश्रम काढला होता. त्याच्या खर्चाची युक्ती मोठी साधी होती. दळायला बसताना प्रत्येक घरातील बाईने एक मूठ धान्य आश्रमासाठी बाजूला ठेवायचे. याला मुष्टिफंड म्हणत. ज्या घरात रोख पैसा वर्षातून एकदाच दिसे, तेथे मूठभर धान्य मात्र रोज निघू शकत होते.

४ ऑक्टोबर १९१९ रोजी कऱ्हाडजवळील काले या गावी रयत शिक्षण संस्थेची स्थापना झाली. १९२४ मध्ये संस्थेचे ठाणे साताऱ्यास हलले आणि तेथे सर्व जातिधर्मांच्या मुलांचे वसतिगृह सुरू झाले. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याचे छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस असे नामकरण झाले. जातिनिहाय वसतिगृहे काढणाऱ्या राजाचे नाव जातिविरहित वसतिगृहाला मिळाले, यात विसंगती शोधण्याचे कारण नाही. आश्रयदात्याने अर्ध्यावर ठेवलेले काम शिष्याने पुढे नेले, एवढाच त्याचा अर्थ.

वसतिगृहाच्या अटी मोजक्या होत्या, पण त्या कडक होत्या. येथे राहणाऱ्याने एकाच पंक्तीला बसायचे. स्वयंपाक, पाणी, झाडलोट मुलांनीच आळीपाळीने करायची. फी देता येत नसेल तर घरून धान्य आणायचे. तेही नसेल तर शेतात किंवा बांधकामावर श्रम करायचे. ज्या नियमाने भाऊरावांना भोजनगृहाबाहेर ठेवले होते, तो येथे उलटा झाला होता. शिवलेल्याने बाहेर थांबण्याऐवजी, शिवण्यास नकार देणाऱ्याला आत जागा नव्हती.

या अटीची किंमत घरातच मोजावी लागली. पत्नी लक्ष्मीबाई सोवळेओवळे पाळणाऱ्या घरात वाढलेल्या. सर्व जातींच्या मुलांचा वावर त्यांना आरंभी जड गेला. पुढे त्याच मुलांच्या आई झाल्या. अंगावरचे दागिने एकेक करून धान्यासाठी गेले. भाऊराव बाहेरगावी असताना एके दिवशी मुलांना जेवायला काहीच उरले नाही, तेव्हा लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्रही विकले. १९३० मध्ये त्यांचे निधन झाले. भाऊरावांच्या चरित्रात लक्ष्मीबाईंना बहुधा त्यागमूर्ती म्हणून एखादे पान मिळते. वास्तविक वसतिगृहाचा रोजचा संसार त्यांनी चालवला होता, आणि संस्थापक म्हणून दोघांची नावे घेतली गेली असती तर ते अधिक न्याय्य ठरले असते.

१९३२ मध्ये पुणे कराराच्या स्मरणार्थ पुण्यात युनियन बोर्डिंग हाऊस निघाले. १९४० मध्ये साताऱ्यात महाराजा सयाजीराव यांच्या नावाचे हायस्कूल सुरू झाले. ते मोफत आणि निवासी असल्याचा उल्लेख त्याच्या नावातच होता. १९४७ मध्ये छत्रपती शिवाजी महाविद्यालय आले आणि कमवा व शिका ही पद्धत महाविद्यालयीन शिक्षणातही रुजली. पदवीचा विद्यार्थी सकाळी खडी फोडतो किंवा मळ्यात पाणी देतो आणि नंतर वर्गात बसतो, हे दृश्य त्या काळी नवे होते.

श्रमाच्या या अटीकडे तुम्ही चिकित्सक दृष्टीनेही पाहावे. भाऊरावांच्या दृष्टीने श्रम ही दानाची लाज पुसणारी गोष्ट होती; कष्ट करून खाणारा मुलगा कोणाचा मिंधा राहत नाही. परंतु ज्या घटकेला हा मुलगा खडी फोडत होता, त्याच घटकेला सुखवस्तू घरातील मुलगा पुस्तक वाचत होता, हेही खरे. भाऊरावांनी गरिबीवर काढलेला तो मार्ग होता; गरिबी त्याने नाहीशी झाली नव्हती. बोर्डिंगमधील पी. जी. पाटील पुढे बॅरिस्टर आणि शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. पण सगळेच कुलगुरू होत नाहीत. बहुसंख्य मुले प्राथमिक शिक्षक, कारकून, शिकलेले शेतकरी झाली. या सामान्य मुलांवरूनच वसतिगृहाचे मोल ठरवणे योग्य.

स्वातंत्र्यानंतर सरकारवर केलेल्या टीकेमुळे १९४८ मध्ये संस्थेचे अनुदान काही काळ बंद झाले. तेव्हा गाडगे महाराज भाऊरावांच्या पाठीशी उभे राहिले. १९५४ मध्ये कऱ्हाडला निघालेल्या महाविद्यालयाला त्यांचेच नाव देण्यात आले.

१९५९ मध्ये भारत सरकारने भाऊरावांना पद्मभूषण दिले. त्याच वर्षी, इंग्रजी सहावीपर्यंत शिकलेल्या या माणसाला पुणे विद्यापीठाने डी. लिट. ही सन्माननीय पदवी दिली. ९ मे १९५९ रोजी त्यांचे निधन झाले. त्या वेळी संस्थेची ३८ वसतिगृहे चालू होती.