विश्लेषण : सावित्रीबाई फुले यांना प्लेगची लागण कशी झाली?

मुलींच्या शाळेमुळे सावित्रीबाई फुले यांचे नाव घराघरांत पोहोचले. त्यांच्या आयुष्याचे शेवटचे दिवस मात्र पुण्यातील प्लेगच्या रुग्णांमध्ये गेले. तेव्हा त्या ६६ वर्षांच्या होत्या.

त्याआधीचे काम कोणते?

३ जानेवारी १८३१ रोजी सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे त्यांचा जन्म झाला. १८४० मध्ये जोतीरावांशी विवाह झाला आणि १८४८ मध्ये भिडेवाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. १८६३ मध्ये दाम्पत्याने बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. विधवा मातेच्या पोटी जन्मलेल्या यशवंतला त्यांनी दत्तक घेतले, वाढवले आणि डॉक्टर केले. १८९० मध्ये जोतीरावांचे निधन झाल्यावर सत्यशोधक समाजाचे काम त्यांनी पुढे नेले.

दवाखाना कुठे होता?

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत प्लेगचे रुग्ण आढळले आणि काही महिन्यांतच साथ पुण्यात पोहोचली. रँड यांच्या प्लेग समितीबद्दल भरपूर लिहिले गेले. सासाणे मळ्यातील दवाखान्याची चर्चा त्या मानाने कमी होते. हडपसरजवळच्या या माळरानावर डॉ. यशवंत यांनी उपचार सुरू केले. रुग्णांना तिथे आणण्याचे आणि त्यांच्या शुश्रूषेचे काम सावित्रीबाई करत.

नेमके काय घडले?

मुंढवा तेव्हा पुण्याबाहेरचे गाव होते. तिथल्या दलित वस्तीतील पांडुरंग बाबाजी गायकवाड या मुलाला प्लेग झाल्याचे कळताच सावित्रीबाई तिकडे गेल्या. त्याला पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात आल्या. या सेवेतच त्यांना लागण झाली आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.

धोका कितपत माहीत होता?

प्लेगचा जिवाणू १८९४ मध्ये हाँगकाँगला सापडला होता. मात्र उंदरांवरील पिसवा तो माणसापर्यंत आणतात, हे १८९८ मध्ये पॉल-लुई सिमाँ यांनी दाखवले. फुप्फुसाचा प्लेग असलेल्या रुग्णाच्या खोकल्यातूनही लागण होते. हाफकिन यांनी आपली लस १० जानेवारी १८९७ रोजी मुंबईत स्वतःला टोचून घेतली होती, म्हणजे ती अगदीच नवी होती. प्लेगवर गुणकारी ठरलेले स्ट्रेप्टोमायसिन १९४३ मध्ये सापडले. त्यामुळे १८९७ मध्ये शुश्रूषेपलीकडे डॉक्टरांच्या हाती फारसे काही नव्हते. हा रोग जीवघेणा आहे, हे मात्र सर्वांना ठाऊक होते. रुग्णाजवळ जाणारा प्रत्येक जण ते जाणूनच जात होता.

पुढे काय झाले?

डॉ. यशवंत यांनी रुग्णसेवा सोडली नाही. १९०५ मध्ये त्यांचाही प्लेगनेच मृत्यू झाला. आज मुंढवा आणि हडपसर ही पुण्याची उपनगरे आहेत. आणि ज्या मुलाला सावित्रीबाईंनी पाठीवरून आणले, तो पांडुरंग बरा झाला.